पीएचडीआधीची वर्षं : बंगळूरमधल्या कमला भागवत

पदवी हातात आहे, पीएचडीला प्रवेश अजून मिळालेला नाही. कुणी नेटचा अभ्यास करतंय, कुणी एखाद्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून चिकटलंय. घरी आलेले पाहुणे विचारतात, "सध्या काय चाललंय?" आणि आपली जीभ अडखळते. माझीही अडखळायची. तुम्ही आज त्या टप्प्यावर असाल, तर तुम्हाला जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगते.

१९३३ साली कमला भागवत मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झाल्या. याच पुढे कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या. दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, दोघंही बंगळूरच्या टाटांच्या संस्थेत (आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) शिकलेले. साहजिकच कमलाबाईंनी तिथंच अर्ज केला. गुण उत्तम होते, तरी अर्ज नाकारला गेला, कारण अर्ज करणारी मुलगी होती. संचालक होते सी. व्ही. रामन.

कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं. संचालकांचं समाधान होईपर्यंत त्या कामाला मान्यता नाही. आणि पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये! हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत, आणि वयाच्या उत्तरार्धातही त्याबद्दल स्पष्ट बोलल्या.

इथं जरा थांबा. आपण अशा गोष्टी सांगताना "बघा, अडचणीतूनच माणूस घडतो" असं म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. अट अन्यायाचीच होती. तिनं कुणाला घडवलं नाही. घडवलं ते त्या वर्षांतल्या कामानं.

ते काम काय होतं? त्यांचे मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या. शिस्तीला कडक, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्यांमधल्या प्रथिनांवर काम केलं. आपल्याकडे ज्यांच्या ताटात मांस-मासे नसतात, त्यांची प्रथिनांची गरज भागवण्यात डाळी-कडधान्यांचा महत्त्वाचा वाटा असतो. म्हणजे प्रश्न प्रयोगशाळेतला असला तरी त्याचं मूळ स्वयंपाकघरात होतं. आणखी एक सवय तिथंच लागली: ताजे शोधनिबंध वाचायचे, आणि शंका आली तर थेट लेखकाला पत्र लिहायचं. ईमेल नसलेल्या काळात!

वर्षभरात रामन यांचं समाधान झालं आणि पुढं संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं. १९३६ मध्ये कमलाबाई एमएस्सी झाल्या आणि १९३७ मध्ये केंब्रिजला गेल्या. तिथं आधी डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या ऊतींवर काम केलं. बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी सापडलं. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे पोचवणारं हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे त्यांनी दाखवलं. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. १९३९ मध्ये, दोन वर्षांच्या आत, पीएचडी.

विषय बदलला होता, हे लक्षात घ्या. कडधान्यांवरून बटाट्यावर, पोषणावरून श्वसनावर. पण वनस्पतींमधली प्रथिनं हाताळायचा सराव आणि वाचनाची सवय सोबत गेली होती. दोन वर्षांच्या आत काम पुरं होण्यामागे आधीची बंगळूरची वर्षं होती, असं मला वाटतं. मधल्या काळात "नेमका विषय" मिळाला नाही म्हणून झुरणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

आणि बटाट्यातलं हे काम बायोमेडिकलवाल्यांनी परकं समजू नये. १९९६ मध्ये शियाओडोंग वांग यांच्या गटानं दाखवलं, की हेच सायटोक्रोम सी मायटोकॉन्ड्रियातून बाहेर पडलं की पेशीच्या नियोजित मृत्यूची साखळी सुरू होते. आज कर्करोगावर काम करणाऱ्या कितीतरी लॅबमध्ये हे प्रथिन रोजच्या वापरातलं आहे.

एक सावधगिरीची सूचना. कमलाबाईंना सर्रास "विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री" म्हटलं जातं. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ मध्येच मिळाली होती. "पहिली" हा शब्द दिसला की तपासून घ्या. ही सवयसुद्धा पीएचडीची तयारीच आहे.

मग तुम्ही आता काय कराल? ज्या लॅबमध्ये आहात तिथली एक पद्धत अशी शिका, की रात्री झोपेतून उठवलं तरी करता यावी. आठवड्याला एक शोधनिबंध नीट वाचा, शंका आली तर लेखकाला लिहा. स्वतःची प्रयोगवही तारखेसकट ठेवा. तुमचं नाव निबंधावर येवो न येवो, काय केलं ते तुमच्याकडे असेल. आणि कुणी अन्यायाची अट घातली, तर तिला "प्रशिक्षण" म्हणू नका. काम मात्र सोडू नका.