ट्रायटन : कोणत्याही सूचीपत्रात नसलेली मोटरसायकल

१/२२
ब्रिटिश मोटरसायकलींच्या इतिहासात 'ट्रायटन' हे नाव आजही आदराने घेतले जाते. गंमत अशी, की कोणत्याही मोठ्या कारखान्याच्या सूचीपत्रात या नावाची गाडी तेव्हा कधीच नव्हती. इंजिन ट्रायम्फचे, सांगाडा नॉर्टनचा आणि जन्मस्थान बहुधा एखाद्या कामगाराच्या परसातली शेड. आजचा धागा या घरगुती जोडकामाचा आणि त्यातून उभ्या राहिलेल्या एका प्रश्नाचा : जुने यंत्र 'मूळ रूपात' आणायचे म्हणजे नेमके कोणत्या रूपात?

२/२२
आधी इंजिन. १९३७मध्ये एडवर्ड टर्नर यांनी ट्रायम्फसाठी 'स्पीड ट्विन' हे ५०० सीसी वर्गातले इंजिन आणले. दोन सिलिंडर शेजारी शेजारी आणि दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर-खाली होणारे. आटोपशीर, हलके आणि जोमदार. नोव्हेंबर १९४०च्या बाँबहल्ल्यात कॉव्हेंट्रीतला कारखाना उद्ध्वस्त झाला. १९४२मध्ये मेरिडेनला नवा उभा राहिला. पुढे याच घराण्यात ६५० सीसीची 'थंडरबर्ड' आली आणि १९५९मध्ये दोन कार्ब्युरेटरांची 'बॉनव्हिल'.

३/२२
इंजिनाची कीर्ती जेवढी मोठी, तेवढी त्याखालच्या सांगाड्याची नव्हती. युद्धोत्तर काळात ट्रायम्फने मागच्या चाकाच्या हबमध्येच स्प्रिंगा बसवण्याचा मार्ग काढला होता. सरळ रस्त्यावर तो चालून जाई. वेगात वळण घेताना मात्र गाडी वळवळू लागे. १९५४पासून स्विंग आर्म आला, तरी 'इंजिन ट्रायम्फचे घ्यावे, पण वळणावर गाडी नॉर्टनची असावी' अशीच जाणत्यांची भावना राहिली.

४/२२
आता सांगाडा. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस यांनी आपले बंधू क्रोमी यांच्या साथीने एक नवी चासी घडवली आणि ती नॉर्टनच्या शर्यतीच्या गाड्यांसाठी स्वीकारली गेली. १९५०च्या आयल ऑफ मॅन टीटीमध्ये सीनियर आणि ज्युनियर या दोन्ही शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनने पटकावले. स्वार हॅरॉल्ड डॅनियल यांना ही गाडी पिसांच्या गादीसारखी वाटली. तिचे 'फेदरबेड' हे नाव त्यावरूनच पडले.

५/२२
फेदरबेडची युक्ती दिसायला साधी होती. उत्तम पोलादी नळीची दोन वेटोळी इंजिनाच्या वरून, पुढून आणि खालून फिरून येतात आणि हँडलच्या मुळाशी एकमेकांना छेदून पक्की होतात. त्यामुळे चासीला पीळ पडत नाही. दोन्ही चाके एकाच रेषेत राहतात आणि स्वाराने मनात धरलेली वाट गाडी सोडत नाही. थोड्याच काळात ही चासी नॉर्टनच्या रस्त्यावरच्या 'डॉमिनेटर' गाड्यांनाही मिळाली.

६/२२
मग नॉर्टनचेच इंजिन का नको? डॉमिनेटरचे इंजिन वाईट नव्हते. पण ट्रायम्फची इंजिने संख्येने पुष्कळ होती. मोडीतही सहज मिळत. वेग वाढवण्यासाठी लागणारे कॅमशाफ्ट, पिस्टन, कार्ब्युरेटर असे भागही त्यांच्यासाठी अधिक उपलब्ध होते. तरुणाच्या खिशाला तेच परवडे. ट्रायटनचा जन्म अभिरुचीतून झाला तितकाच बाजारभावातूनही झाला.

७/२२
इंजिनाविना चासी मिळण्याचे एक कारण मोटारींच्या शर्यतीत होते. १९५०च्या दशकात ५०० सीसीच्या छोट्या मोटारींची 'फॉर्म्युला थ्री' शर्यत जोरात होती आणि तिला नॉर्टन मँक्सचे इंजिन हवे असे. नॉर्टन सुटे इंजिन विकत नसे. म्हणून मोटारवाले अख्खी मोटरसायकल घेत, इंजिन काढून मोटारीत बसवत आणि उरलेला सांगाडा विकून टाकत. इतर बऱ्याच ट्रायटन अपघातात मोडलेल्या किंवा जुन्या डॉमिनेटरवर उभ्या राहिल्या.

८/२२
हे काम घरी शक्य झाले, कारण त्या काळातील ट्रायम्फचे इंजिन आणि गिअरबॉक्स हे दोन वेगळे डबे होते. त्यांना चासीत धरून ठेवत ते जाड पत्रे. पत्रे बदलले की इंजिनाचे घर बदलता येई. पुठ्ठ्यावर साचा कापायचा, तो ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर उतरवायचा, करवतीने कापून कानशीने कड साफ करायची आणि मग छिद्रे पाडायची. ट्रायटनचा सारा आत्मा या दोन-चार पत्र्यांत आहे.

९/२२
पत्रे कापणे सोपे, पण रेषा साधणे कठीण. इंजिनाकडून क्लचकडे जाणारी साखळी आणि गिअरबॉक्सकडून मागच्या चाकाकडे जाणारी साखळी, दोन्ही आपापल्या दातेरी चक्रांवर अगदी सरळ धावल्या पाहिजेत. थोडा तिरकेपणा राहिला तरी साखळी दाते खाते आणि एखाद्या दिवशी तुटते. शिवाय या इंजिनाचे तेल बाहेरच्या टाकीत राहते. म्हणून त्या टाकीला आणि तिच्या नळ्यांनाही जागा शोधावी लागे.

१०/२२
आणि कंपन. दोन्ही पिस्टन बरोबरच वर जाऊन बरोबरच खाली येतात. क्रँकला वजन लावून त्यांचा धक्का कमी करता येतो, पण पुरता नाहीसा करता येत नाही. जे वजन एका चासीत खपून जाते तेच दुसरीत हातापायांना मुंग्या आणते. पत्रे सैल असले, किंवा इंजिनाचा माथा चासीला नीट बांधलेला नसला, तर ब्रॅकेट तडकतात आणि नट गळून पडतात. घरच्या कारागिराची परीक्षा इथेच होई.

११/२२
नटांचा विषय निघालाच आहे. ब्रिटिश गाडी खोलणाऱ्याला आधी आट्यांचे व्याकरण शिकावे लागते. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१मध्ये मांडलेल्या आट्यांचा कोन ५५ अंश. सायकल-उद्योगातून आलेल्या आट्यांचा ६० अंश, आणि त्यातल्या बहुतेकांना इंचाला २६ फेरे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेशी जुळणारे 'युनिफाइड' आटे आले. चुकीचा बोल्ट दोन फेरे गोड बसतो आणि तिसऱ्या फेऱ्याला ॲल्युमिनियमचे आटे ओरबाडून नेतो.

१२/२२
पान्यांचाही असाच घोळ. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा नटाची रुंदी सांगत नाही. त्या नटातून जाणारा बोल्ट किती जाड, हे सांगतो. मेट्रिक पाना जवळपास बसतो आणि नटाचे कोपरे झिजवून गोल करतो. जुन्या ब्रिटिश गाडीवरच्या गोल झालेल्या नटांमागे बहुधा अशीच एखादी घाई असते. म्हणूनच पानांचा योग्य संच ही या कामातली पहिली खरेदी मानली जाते.

१३/२२
ट्रायटनचे बाह्यरूपही गरजेतून आले. वारा चुकवण्यासाठी स्वार टाकीवर झोपे, म्हणून पुढच्या फोर्कच्या नळ्यांनाच आवळलेले बुटके हँडल. गुडघे दुमडावे लागत, म्हणून मागे सरकवलेली पायटेकणे. वजन कमी व्हावे म्हणून ॲल्युमिनियमची टाकी आणि एकच बैठक. ध्येय एकच, 'टन' गाठणे. टन म्हणजे ताशी १०० मैल, आपल्या हिशेबात सुमारे १६० किलोमीटर.

१४/२२
या वेडाला काळाचीही साथ होती. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कामगारवर्गातल्या तरुणांच्या हाती पगार खुळखुळू लागला आणि १९५८मध्ये हप्त्यांच्या खरेदीवरचे निर्बंध उठले. १९५९मध्ये आलेल्या 'मिनी'सारख्या स्वस्त मोटारींनी साइडकार वापरणारी कुटुंबे ओढून नेली. मोटरसायकल हे घरच्या कर्त्याचे वाहन होते. ते हळूहळू विशीतल्या पोरांचे झाले.

१५/२२
त्यांचा एक अड्डा म्हणजे लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरचे 'एस कॅफे'. १९३८मध्ये ते सुरू झाले. युद्धात बाँब पडून उद्ध्वस्त झाल्यावर १९४९मध्ये ते पुन्हा बांधले गेले. ज्यूकबॉक्सवर गाणे लावायचे आणि ते संपायच्या आत ठरलेल्या वळणाला वळसा घालून परतायचे, ही आख्यायिका अशाच अड्ड्यांची. 'कॅफे रेसर' हे नाव आधी हेटाळणीचे होते. कॅफेपासून कॅफेपर्यंतच शर्यत धावणारे, असा त्यात टोमणा होता.

१६/२२
या वेगाची किंमत जीवाने मोजली गेली, हे विसरून चालणार नाही. हेल्मेटची सक्ती ब्रिटनमध्ये १९७३पर्यंत नव्हती. वर्तमानपत्रांनी या मुलांना गुंड ठरवले. पूर्व लंडनमधले धर्मगुरू बिल शेरगोल्ड मात्र त्यांच्या अड्ड्यावर स्वतः मोटरसायकलवरून गेले. चर्चच्या 'फिफ्टी-नाइन क्लब' या युवक मंडळात त्यांनी या मुलांना जागा दिली. घरी गाडी जोडणारे हात समाजाच्या नजरेत किती उपरे होते, ते यातून कळते.

१७/२२
पण कामाची पावती कामानेच मिळवली. डेव्ह डेगेन्स या लंडनच्या कारागीर-स्वाराने बांधलेल्या ट्रायटनने १९६५मध्ये बार्सिलोनाची २४ तासांची शर्यत जिंकली. इकडे अशा जोडगाड्यांचे गोत्रच तयार झाले होते. विन्सेंटचे इंजिन नॉर्टनच्या चासीत बसले की 'नॉर्व्हिन', ट्रायम्फचे बीएसएच्या चासीत बसले की 'ट्रिब्सा'. अखेर कारखानाही शेडची नक्कल करू लागला : बुटक्या हँडलची रॉयल एनफील्ड 'कॉन्टिनेंटल जीटी' १९६४मध्ये आली.

१८/२२
मग कारखानेच कोसळले. १९६९मध्ये चार सिलिंडर, डिस्क ब्रेक आणि बटणावर सुरू होणारी होंडा सीबी ७५० आली. त्याच वर्षी एस कॅफेही बंद पडले. मेरिडेनच्या कामगारांनी १९७३मध्ये कारखान्याचा ताबा घेतला, पुढे सहकारी संस्था चालवली. १९८३मध्ये तीही संपली. विन्सेंटचे उत्पादन तर १९५५मध्येच थांबले होते. तिचे सुटे भाग आज मिळतात, ते मालकांच्या मंडळाने स्वतःची कंपनी काढून ते घडवले म्हणून. कारखाना गेला, शेड उरली.

१९/२२
या कथेचा एक धागा आपल्याकडेही येतो. भारतीय लष्कराने रॉयल एनफील्ड बुलेट निवडली आणि १९५५मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली. मूळ ब्रिटिश कंपनी संपल्यावरही इथली बुलेट चालत राहिली. उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक, हा ब्रिटिश वारसा आपल्या कित्येक वाचकांच्या पायांना ठाऊक असेल. आपल्याकडच्या मिस्त्र्यांनी बुलेटच्या सांगाड्यात डिझेल इंजिनही बसवले. ट्रायटनमागे वेगाची भूक होती, डिझेल बुलेटमागे मायलेजची. कारागिरी मात्र एकाच कुळीची.

२०/२२
आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पडवीत गंजलेली एक जुनी ट्रायटन सापडली असे समजा. इंजिनाचा क्रमांक ट्रायम्फचा, चासीचा नॉर्टनचा. शुद्धतावादी म्हणेल, तोडा, इंजिन ट्रायम्फला द्या, चासी डॉमिनेटरला द्या, दोन 'खऱ्या' गाड्या होतील. त्याची तक्रार पोकळ नाही. ट्रायटनच्या हौसेपायी कित्येक धडक्या डॉमिनेटर खरोखरच मोडल्या गेल्या. पण साठ वर्षांपूर्वी कुणी कानशीने घासलेले ते इंजिनाचे पत्रे? ते दोन्हींपैकी कोणत्याच गाडीत बसणार नाहीत. ते भंगारात जातील.

२१/२२
आपल्याकडच्या जुन्या देवळांपुढेही हाच पेच उभा असतो. गाभारा यादवकाळातला, सभामंडप पेशवाईतला, दीपमाळ आणखी कुणी बांधलेली. जीर्णोद्धार करणाऱ्याने सभामंडप पाडून यादवकाळ 'परत आणला', तर मधली शतके पुसली जातात. याउलट सारेच नवे केले तर देऊळ उरते, इतिहास जातो. बीएसएची 'रॉकेट गोल्ड स्टार' १९६२-६३ या अल्पकाळातच निघाली. आज तिच्या नावाने साध्या बीएसएवरून घडवलेल्या गाड्या फिरतात. चकाकी सूचीपत्रातली, पूर्वायुष्य मात्र पुसलेले.

२२/२२
म्हणून जाणते कारागीर काही पथ्ये पाळतात. खोलण्याआधी प्रत्येक जोडाचे छायाचित्र. क्रमांकांवर कानस नाही. काढलेला भाग फेकायचा नाही, चिठ्ठी बांधून ठेवायचा. जिथे नवे करायचे तिथे बोल्टने, कापून नव्हे, म्हणजे पुढच्याला ते उलटवता येईल. ब्रेक, तारा, टायर यांत मात्र जुनेपणाचा हट्ट नाही, कारण जीव सूचीपत्राहून मोठा. एस कॅफे २००१मध्ये पुन्हा उघडले आणि तिथे आजही ट्रायटन येऊन उभ्या राहतात. त्यांच्या इंजिनाच्या पत्र्यांवरचे कानशीचे ओरखडे बारकाईने पाहावेत. कारखान्याने सही न केलेल्या या गाडीवर तीच तिच्या कर्त्याची सही आहे. पॉलिश करताना ती तेवढी राखावी.

(धागा समाप्त)