पेशी, पिशवी आणि बार्शीची नोंदवही

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून टाकतोय. बोलताना जे सुटलं होतं तेही जोडलंय.

मागच्या पावसाळ्यात मोडनिंबहून आईचा फोन आला. "आत्याच्या पेशी कमी झाल्यात, चाळीस हजारावर आल्यात." मी पुण्यात, मीटिंग चालू. क्षणभर डोकंच चालेना. शाळेत शिकलो की माणसाच्या अंगात लाखो कोटी पेशी असतात, मग चाळीस हजारावर माणूस जिवंत कसा? डेंग्यू होता, आणि आईला म्हणायच्या होत्या प्लेटलेट. आकडा होता एका मायक्रोलिटर रक्तातला. पुस्तकात त्यांना रक्तपट्टिका म्हणतात, पण आमच्याकडे पेशी म्हणजे प्लेटलेट, विषय संपला. गंमत अशी की प्लेटलेट ही पूर्ण पेशी नसतेच, एका मोठ्या पेशीचा तुटलेला तुकडा असतो.

आत्या बरी झाली. शब्द मात्र माझ्या डोक्यात राहिला.

'सेल' हा शब्द रॉबर्ट हूकचा. 1665 साली त्याचं 'मायक्रोग्राफिया' आलं. बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर त्याला छोटे छोटे कप्पे दिसले, म्हणून त्याने लॅटिनमधला खोलीसाठीचा शब्द वापरला. खरं तर त्याला दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. म्हणजे नाव आधी पडलं आणि आत काय आहे ते नंतर कळलं. (आम्ही कोडिंगवाले रोज हेच करतो.)

आपली पेशी तर अजून लांबून आली. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा, स्नायू. सुश्रुतसंहितेत शरीरात पाचशे पेशी मोजल्यात, त्या या. हिंदीत अजूनही मांसपेशी म्हणजे मसल, आणि सेलला म्हणतात कोशिका. मराठीत मसलला स्नायू म्हणायला लागले, पेशी मोकळी झाली, ती सेलला मिळाली. मराठी विश्वकोशात बघाल तर तिथेही कोशिका भेटते. आमच्या शाळेच्या पुस्तकात पेशी. मग पोरं गोंधळतात, त्यात नवल काय?

आता आजाराकडे येऊ. 1858 साली बर्लिनच्या रुडॉल्फ व्हिर्कोचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं, आजार शोधायचा तर पेशीत शोधा, कारण प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच येते. ल्युकेमिया हे नावही त्याचंच, अर्थ 'पांढरं रक्त'. कॅन्सर हा शब्द मात्र त्याच्याही कितीतरी आधीचा. ग्रीकांनी गाठीला खेकडा म्हटलं, त्यावरून आपला कर्करोग. घरात मात्र कुणी कर्करोग म्हणत नाही. 'गाठ' म्हणतात, 'तुकडा तपासायला दिलाय' म्हणतात. काही जण तर नावच घेत नाहीत, 'मोठा आजार' म्हणून आवाज खाली करतात.

पण व्हिर्कोची पेशी बघायला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो असतो शहरातल्या हॉस्पिटलात. देशातली पहिली कॅन्सर नोंदणी 1963 साली मुंबईत सुरू झाली. खेड्यातल्या बाईला काय होतं हे कुणी मोजलेलंच नव्हतं. ते मोजायला 1987 साली आपल्या बार्शीत, मोडनिंबहून कुर्डुवाडीमार्गे जातो त्याच बार्शीत, भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली गावं. रुग्ण हॉस्पिटलला येईनात म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव जायची, लक्षणं सांगायची. बायकांमध्ये सगळ्यात जास्त निघाला गर्भाशयमुखाचा कॅन्सर.

गर्भाशयमुख. हा शब्द मी आमच्या गल्लीत कधी ऐकला नाही. इकडे म्हणतात पिशवी, 'पिशवीचं तोंड'. आणि लक्षण सांगायचं तर 'अंगावरून जातंय', तेही सासूला, कुजबुजत. डॉक्टरपर्यंत ते पोचेपर्यंत पेशीचं काम पुढे गेलेलं असतं.

पुढे 1999 पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात फार मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, गावांचे 52 समूह, चार गट. एका गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप, म्हणजे पेशी काचेवर घेऊन बघणं, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटाला तपासणी नाही. आठ वर्षांच्या पाठपुराव्याचा निकाल एप्रिल 2009 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला: विषाणू चाचणीच्या गटात 34 मृत्यू, चौथ्या गटात 64. तेही आयुष्यात फक्त एकदा तपासून. पेशी बघण्याच्या गटात 54 मृत्यू, म्हणजे ठाम म्हणावा इतका फरक नाही. दीडशे वर्षं आपण पेशीकडे बघत होतो, आणि इथे उपयोगी पडलं ते तिला बिघडवणाऱ्या विषाणूला शोधणं.

त्या चौथ्या गटावरून नंतर बराच वाद झाला. तपासणी उपयोगी आहे हे माहीत असताना तीसेक हजार बायकांना ती का दिली नाही? मला हा प्रश्न योग्य वाटतो. निकाल जगभर वापरला गेला हेही खरं, पण त्याने हा प्रश्न मिटत नाही.

एपिसोड लिहिताना आईला फोन केला. तिने ही तपासणी कधीच केली नव्हती.

"त्यात काय बघत्यात?"

"पेशी."

"माझ्या कुठं कमी झाल्यात?"

मग सगळं पुन्हा पहिल्यापासून, या वेळी पिशवीच्या तोंडापासून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत्याला पण विचारते, तिला मागं तसलंच काय तरी होत होतं." दिवाळीच्या सुट्टीत दोघींना घेऊन बार्शीला चाललोय.