नवजात परिचर्या, गृहाधारित

नवजात परिचर्या, गृहाधारित : जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या अर्भकाची त्याच्या घरीच, गावातील प्रशिक्षित स्त्रीने केलेली पद्धतशीर देखभाल म्हणजे गृहाधारित नवजात परिचर्या होय. जन्मसमयी उपस्थित राहणे, अर्भकाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, स्तनपानास मदत करणे, ठराविक दिवशी घरी जाऊन तपासणी करणे, धोक्याची लक्षणे ओळखणे व ठरवून दिलेल्या मर्यादेत उपचार करणे, या गोष्टींचा तीत समावेश होतो. या पद्धतीची शास्त्रशुद्ध कसोटी महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात १९९३–९८ या काळात घेण्यात आली. नवजाताचा उपचार रुग्णालयातच व तज्ञाच्या हातूनच होऊ शकतो, हा समज या संशोधनाने आकडेवारीच्या आधारे तपासून पाहिला. त्यामुळे परिचर्याविषयक संशोधनाच्या इतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे.

पार्श्वभूमी : परिचर्येला मोजणीची जोड देण्याची परंपरा फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांच्यापासून सुरू होते. क्रिमियन युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंची त्यांनी कारणवार मांडणी केली आणि जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले, हे आकृत्यांच्या साहाय्याने दाखवून दिले. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या सदस्यत्वाचा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. अर्भकांच्या बाबतीत असेच कार्य फ्रेंच प्रसूतितज्ञ प्येर ब्यूदँ यांनी केले. त्यांनी १८९२ मध्ये पॅरिस येथे अर्भकांसाठी सल्ला केंद्र उघडले. ऊब, मातेचे दूध व संसर्गापासून बचाव ही नवजात परिचर्येची तीन सूत्रे त्यांच्या कार्यातून रूढ झाली.

विसाव्या शतकात मात्र ही परिचर्या घरातून रुग्णालयात गेली. उबवण पेटी व पुढे अतिदक्षता विभाग ही तिची मुख्य साधने बनली. श्रीमंत देशांत त्यामुळे अनेक अर्भके वाचली. पण जेथे प्रसूतीच घरी होत असे आणि रुग्णालय दूर व खर्चिक होते, तेथे या प्रगतीचा लाभ पोचला नाही. भारतातील खेड्यांत नवजाताचा मृत्यू हा दैवाचा भाग मानला जाई आणि बहुधा त्याची नोंदही होत नसे.

गावातील व्यक्तीकडे आरोग्याचे काम सोपविण्याचे प्रयोग महाराष्ट्रात यापूर्वीच सुरू झाले होते. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे प्रकल्प सुरू केला. अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करता येते, हे त्यातून दिसून आले. १९७८ च्या आल्मा-आता परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार केल्यावर या विचाराला जागतिक मान्यता मिळाली. तथापि अशी सेविका नवजाताच्या गंभीर आजारावर उपचार करू शकेल काय, हा प्रश्न अनुत्तरितच होता.

गडचिरोलीतील प्रारंभीचे संशोधन : गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनाच्छादित असून तेथे गोंड, माडिया इ. आदिवासींची वस्ती मोठी आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये येथे ‘सर्च’ या संस्थेचे कार्य सुरू केले. लोकांच्या आरोग्यविषयक अडचणी लोकांमध्येच राहून अभ्यासाव्यात व त्या अभ्यासाचा उपयोग त्यांनाच व्हावा, हे संस्थेचे धोरण होते. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग अथवा लैंगिक विकार असल्याचे आढळले. हा अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी फारच थोड्या स्त्रियांची पूर्वी कधी तपासणी झालेली होती. रोग नसल्यामुळे नव्हे, तर विचारपूस न झाल्यामुळे तो नोंदीबाहेर राहतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

त्यानंतर बालमृत्यूंकडे लक्ष वळविण्यात आले. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा मोठा होता. क्ष-किरण यंत्र व डॉक्टर उपलब्ध नसताना श्वासाच्या गतीवरून हा आजार ओळखता येतो. परंतु अनेक सुइणींना मोठे आकडे मोजता येत नसत. त्यांच्यासाठी एका मिनिटाची वाळूची घटिका व मणी यांचे एक साधे उपकरण तयार करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला, तर मुलाला न्यूमोनिया झाला आहे असे समजायचे, अशी त्याची रीत होती. ग्रामसेवक व सुइणी यांनी तोंडावाटे प्रतिजैविक औषध दिल्यावर ज्या गावांत हा उपक्रम राबविला तेथे न्यूमोनियामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८·१ राहिले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते १७·५ होते. हे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले.

क्षेत्रीय प्रयोग : न्यूमोनियाचे मृत्यू घटल्यावर उरलेल्या अर्भकमृत्यूंपैकी बहुसंख्य पहिल्या महिन्यातील असल्याचे दिसून आले. त्यांवर उपाय शोधण्यासाठी ३९ गावांत सेवा देण्याचे ठरले व ४७ गावे तुलनेसाठी निवडण्यात आली. दोन्ही गटांची लोकसंख्या प्रत्येकी सुमारे ४० हजार होती. १९९३–९५ ही दोन वर्षे केवळ जन्ममृत्यूंची नोंद घेण्यात आली.

पुढच्या वर्षी (१९९५–९६) पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या, गावातच राहणाऱ्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. पुढे त्या ‘आरोग्यदूत’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. या वर्षात त्यांनी ७६३ नवजातांचे घरी जाऊन निरीक्षण केले. त्यांपैकी ५४·४ टक्के अर्भकांना वैद्यकीय मदतीची गरज होती. प्रत्यक्षात केवळ २·६ टक्के अर्भकांवर डॉक्टरांकडून उपचार झाले आणि ०·४ टक्के अर्भके रुग्णालयात दाखल झाली. गरज व सेवा यांतील ही दरी म्हणजे या संशोधनाचा पाया होय.

त्यानंतर उपचारांचा टप्पा सुरू झाला. आरोग्यदूताच्या पिशवीत वजनकाटा, तापमापक, श्वास न घेणाऱ्या बाळास हवा देण्याची पिशवी व मुखवटा, ऊब देण्यासाठी शिवलेली झोळी आणि औषधे असत. गरोदरपणीच मातेला आहार, स्वच्छता व स्तनपान यांविषयी माहिती दिली जाई. प्रसूतीच्या वेळी सुईण मातेकडे व आरोग्यदूत बाळाकडे लक्ष देई. जन्मताच अंघोळ घालणे व बाळंतिणीला अगदी थोडे खाऊ घालणे यांसारख्या प्रथा सासू व सुईण यांच्याशी बोलून बदलण्याचा प्रयत्न केला जाई.

सर्वांत कठीण भाग सेप्सिसचा, म्हणजे सर्व शरीरभर पसरणाऱ्या जंतुसंसर्गाचा होता. रडणे क्षीण होणे, अंगावर पिणे थांबणे, शरीर थंड पडणे वा तापणे यांसारख्या लक्षणांच्या ठरीव संयोगावरून त्याचे निदान केले जाई. आईवडिलांना प्रथम रुग्णालयात जाण्याचा सल्ला देण्यात येई. त्यांनी नकार दिल्यास त्यांच्या संमतीने आरोग्यदूत जेंटामायसीनचे इंजेक्शन व तोंडावाटे को-ट्रायमॉक्साझोल हे औषध सात ते दहा दिवस देत असे. वैद्यकांकडून तिच्या नोंदी व कौशल्य यांची ठराविक काळाने पडताळणी होई.

निष्कर्ष : हे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. सेवा दिलेल्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्युमान ६२ वरून १९९७–९८ मध्ये सुमारे २५ वर आले. तुलनेच्या गावांत ते ६० च्या आसपासच राहिले. तुलनेने पाहता ही घट ६२ टक्के भरते. सेप्सिस झालेल्या अर्भकांतील मृत्यूंचे प्रमाण १६·६ टक्क्यांवरून २·८ टक्क्यांवर आले. एका नवजातामागे सुमारे ५·३ अमेरिकी डॉलर इतका खर्च आला.

आक्षेप व मर्यादा : अल्पशिक्षित स्त्रीच्या हाती सुई देण्यास वैद्यकीय व्यवसायातून विरोध झाला. जेंटामायसीनमुळे श्रवणशक्तीला व मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो, तसेच प्रतिजैविकांच्या अतिवापराने जंतू औषधांना दाद देईनासे होतात, हे आक्षेप निराधार नव्हते. गावांची निवड यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती. शिवाय अनेक उपाय एकत्र योजलेले असल्याने प्रत्येकाचा वाटा निश्चित करणे अवघड होते. तुलनेच्या गावांना ही सेवा न देणे कितपत न्याय्य, असा नैतिक प्रश्नही उपस्थित होतो. उपाय लाभदायक ठरेल की नाही हे ठाऊक नसतानाच अशी तुलना समर्थनीय ठरते. लाभ सिद्ध झाल्यावर तो सर्वांपर्यंत पोचविण्याची जबाबदारी संशोधक व शासन या दोघांवरही येते.

प्रसार : २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोवळी पानगळ या अहवालाने महाराष्ट्रातील बालमृत्यूंची सरकारी नोंद अपुरी असल्याचे दाखविले व हा प्रश्न विधिमंडळ आणि वृत्तपत्रे यांच्यापर्यंत नेला. २००१–०५ या काळात ‘अंकुर’ प्रकल्पाद्वारे राज्यातील सात स्वयंसेवी संस्थांनी ही पद्धत अनुसरली. तेथेही नवजात मृत्युमान सुमारे निम्म्याने घटले. उत्तर प्रदेशातील शिवगड व बांगलादेशातील सिल्हेट येथील प्रयोगांचे अनुकूल निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदनाद्वारे नवजाताच्या गृहभेटींची शिफारस केली.

भारत सरकारने २०११ मध्ये ‘आशा’ कार्यकर्तीमार्फत हा कार्यक्रम देशभर लागू केला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी सहा व घरी जन्मलेल्या बाळासाठी सात भेटी ठरविण्यात आल्या आणि त्यांसाठी २५० रु. मोबदला निश्चित झाला. मात्र इंजेक्शन देण्याचे काम आशाकडे सोपविण्यात आले नाही. विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसीन देण्याची मुभा परिचारिका-प्रसाविकेला २०१४ मध्ये मिळाली. अशा रीतीने मूळ प्रयोगातील भेटी, वजन, ऊब व समुपदेशन हा भाग शासनाने स्वीकारला. पण निदान व उपचार यांचा अधिकार गावातील स्त्रीला पूर्णतः दिला नाही. रुग्णालयात नेणे शक्य नसल्यास बाहेरच उपचार करण्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या.

मूल्यमापन : २०२० मध्ये महाराष्ट्राचे नवजात मृत्युमान दर हजार जन्मांमागे ११, तर भारताचे २० होते. या घटीचे श्रेय एका कार्यक्रमाला देता येत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे ८९ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत होऊ लागल्या होत्या. नवजातांसाठीचे विशेष कक्ष, रस्ते व वाहने यांचाही त्यात वाटा आहे. तथापि रुग्णालयातून दोन-तीन दिवसांत घरी परतलेल्या बाळाचे उरलेले दिवस घरीच जातात. त्यामुळे गृहभेटींची आवश्यकता संपलेली नाही. आशा कार्यकर्तीवरील वाढता कामाचा बोजा, अल्प मोबदला आणि भेटींची केवळ कागदोपत्री पूर्तता होण्याचा धोका या कार्यक्रमाच्या प्रमुख अडचणी आहेत.

गडचिरोलीतील संशोधनात निदानाचे नियम साधे केले गेले, पण मोजणीची शिस्त सैल करण्यात आली नाही. प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू नोंदला गेल्यामुळेच आरोग्यदूताच्या कामाचे मोल सिद्ध होऊ शकले. सेवेचा विस्तार करताना ही नोंद, पडताळणी व पर्यवेक्षण वगळल्यास केवळ भेटींची संख्या उरते. वजनकाटा व नोंदवही हे परिचर्येचे औषधांइतकेच आवश्यक घटक आहेत, ही या संशोधनाची मुख्य शिकवण होय.