अमरेलीचा धडा

गेल्या सुगीची गोष्ट. ज्वारीची काढणी लागली की आमच्या शाळेतली निम्मी पोरे आईबापांबरोबर रानात. म्हणून पंधरा दिवस शाळा सकाळची करण्याची परवानगी आम्ही वरच्या कचेरीकडे मागितली. परवानगी आली, पण तोवर कडब्याच्या गंजी रचून झाल्या होत्या! त्या दिवशी हजेरीपट चाळताना मला अमरेली आठवली.

काठियावाडातली अमरेली तेव्हा बडोदे संस्थानात होती. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण प्रथम तेथे सुरू केले, तेही मुलांबरोबर मुलींना. सबंध संस्थानावर एकदम हुकूम सोडला नाही. एका तालुक्यात करून पाहिले आणि मग १९०६ साली संस्थानभर कायदा केला.

हाच दाखला घेऊन नामदार गोखले १९११ साली हिंदुस्थानच्या कायदे कौन्सिलात उभे राहिले. सक्ती कोठे करायची ते सरकारच्या संमतीने त्या त्या नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने ठरवावे, एवढेच त्यांचे मागणे. एवढेही मोठ्या सरकारला झेपले नाही. १९१२ साली विधेयक फेटाळले गेले. कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी १९१७ साली सक्ती आणली आणि १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना तशी मुभा मिळाली.

मुभा मिळाली की सारे साधले, असे मात्र नव्हे. १९२० च्या सुमारास आमच्या पुण्यातच वाद पेटला : सक्ती मुलामुलींना एकदम करावी की आधी फक्त मुलांना? महर्षी विठ्ठल रामजी शिंदे मुलींच्या बाजूने उभे राहिले. पण पैसा नाही म्हणून मुलींना थांबवा, म्हणणारेही थोडे नव्हते. निर्णय गावाच्या हाती आला, की गावाचे शहाणपण कामाला येते. तसे गावाचे पूर्वग्रहही येतात.

म्हणून मुलाला शाळेचा हक्क आहे की नाही, हे गावावर सोडता येत नाही. २००९ साली देशाने त्याचा कायदा केला, हे उत्तमच झाले. पण त्या मुलाला शाळेत आणायचे कसे, हे रानाची वाट पाहणाऱ्या मास्तराइतके दूरच्या कचेरीला कसे कळावे?

यंदा जोंधळा जोमात आहे. अर्ज मी दिवाळीआधीच धाडला आहे.