गिरडच्या टेकडीवरचा ‘उकळता दगड’

वर्धा जिल्ह्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे आणि आसपास दगडी गोळे विखुरलेले आहेत. बाबांची थट्टा करणाऱ्या दोन व्यापाऱ्यांच्या मालाचे हे दगड झाले, अशी कथा. त्यांनी गयावया केली तेव्हा बाबांनी वाळल्या पानांचा नवा माल करून दिला; व्यापारी मात्र कायमचे तिथेच राहिले. इंग्रजी गॅझेटिअरने ही कथा नोंदवली, पण गोळ्यांना ‘झिओलाइट’च्या वर्गात घातले.

हा शब्द मुळात इंग्रजीचा नव्हेच. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा दगड फुंकनळीच्या ज्योतीत धरला. आतल्या पाण्याची वाफ होऊन तो उकळल्यासारखा फसफसला. ग्रीकमध्ये ‘झेओ’ म्हणजे उकळणे, ‘लिथॉस’ म्हणजे दगड. पुढे इंग्रजीत हे स्टिलबाइट, ह्यूलँडाइट अशा अनेक खनिजांचे कुलनाम झाले. आता तर धुण्याच्या पावडरीतली कारखानी भुकटीही झिओलाइटच. तिच्या बाबतीत उकळण्याची आठवण कुणाला?

मराठीत आपण सरसकट ‘गारगोटी’ म्हणतो. मला ते पटत नाही. गारगोटी कठीण, ठिणगी देणारी. झिओलाइट मऊ, पाणी पोटात धरणारा. त्यापेक्षा ‘उकळता दगड’ बरा.