सुरक्षिततेच्या नावाखालचा विटाळ

आमच्या अण्णांनी तीस-बत्तीस वर्षे आडत बाजारात हमाली केली. क्विंटलभराचे पोते पाठीवर घेऊन ते दिवसभर फळीवरून ट्रकमध्ये चढत-उतरत. त्या पोत्यांवर मी शिकलो, प्राध्यापक झालो. अण्णांचे गुडघे आणि कंबर मात्र कायमची गेली. आता त्यांना चार पावलेही टाकता येत नाहीत. दीक्षाभूमी एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढी एकच इच्छा त्यांनी बोलून दाखवली. रेल्वेच्या डब्याच्या पायऱ्या त्यांच्याने चढवणार नव्हत्या. म्हणून मी पैसे साठवून पुण्याहून नागपूरची विमानाची दोन तिकिटे काढली. आमच्या घराण्यात विमानात बसणारे आम्ही दोघे पहिलेच.

विमानतळावर एका बाईंनी मला विचारले, ‘हे स्वतः बसू शकतात का?’ अण्णा समोरच चाकाच्या खुर्चीत बसलेले होते. प्रश्न त्यांच्याविषयी होता, पण त्यांना नव्हता. मग एका कागदावर माझी सही घेतली गेली. काही बरेवाईट झाल्यास कंपनी जबाबदार नाही, असा त्याचा अर्थ. विमानाला शिडी लावलेली होती. दोन पोरांनी अण्णांना एका अरुंद खुर्चीला पट्ट्यांनी बांधले आणि शिडीवरून वर नेले. वर जाताना अण्णा त्यांना सांगत होते, ‘कमरेत वाकू नको बाळा, गुडघ्यात वाक.’ जन्मभर ओझे वाहिलेला माणूस ओझे झाल्यावरही हमालाचीच काळजी करत होता.

नागपुरात उतरल्यावर मला एक गोष्ट कळली. अण्णांनी आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. विमानातल्या संडासापर्यंत आपण पोचू शकणार नाही आणि चारचौघांत शोभा होईल, हे त्यांनी घरीच ओळखले होते. हवाईसुंदरीने पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा त्यांनी हात जोडून नको म्हटले. मला वाटले, संकोच असेल.

हा प्रसंग मी रडगाणे म्हणून सांगत नाही. चळवळीतल्या एका मित्राला तो सांगितला तेव्हा तो म्हणाला, ‘आपल्या वस्तीत एस.टी. थांबत नाही आणि तू विमानाचे काय घेऊन बसलास?’ मित्राचा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९२७ साली महाडला आपली माणसे चवदार तळ्यावर गेली, ती केवळ तहान लागली म्हणून नव्हे. सार्वजनिक म्हणवल्या जाणाऱ्या गोष्टीवर माणूस म्हणून आपला अधिकार आहे की नाही, हा तिथला सवाल होता. विमानाच्या दारात अपंग माणसाच्या बाबतीत तोच सवाल उभा राहतो. म्हणून हा इतिहास आपण वाचला पाहिजे.

प्रवासातली विषमता आपल्याला नवी नाही. १९०१ साली लहानगा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. मुले महार आहेत हे कळताच गाडीवान बैलगाडी हाकायला तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे ठरले. मुलांनी गाडी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. त्या व्यवहारातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात : आधी नकार, आणि नकार मागे घ्यायचा तर दुप्पट भाडे. विमान कंपन्यांनी अपंग प्रवाशांशी जो व्यवहार केला, त्याची घडण याहून फारशी वेगळी नाही.

ज्युडी ह्यूमन या अमेरिकन बाईंचे उदाहरण घेऊ. त्यांचा जन्म १९४७ चा. लहानपणी पोलिओ झाला आणि त्या चाकाच्या खुर्चीवर आल्या. पाचव्या वर्षी शाळेने त्यांना दारातून परत पाठवले. कारण काय, तर आग लागली तर या मुलीचा अडथळा होईल! पुढे त्या शिकल्या. १९७० साली न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने त्यांना शिक्षिकेचा परवाना नाकारला. कारण तेच, आगीचे. त्या न्यायालयात गेल्या आणि त्यांनी परवाना मिळवला. १९७५ साली त्या एका विमानात बसल्या असता, सोबत मदतनीस नाही म्हणून त्यांना उतरायला सांगण्यात आले. मदतनीस म्हणजे दुसरे तिकीट. म्हणजे पुन्हा दुप्पट भाडे. त्यांनी उतरायला नकार दिला. पोलीस बोलावून त्यांना खाली काढण्यात आले. शाळा, नोकरी आणि विमान ही तीन दारे वेगळी. पण तिन्ही दारांवरचा पहारेकरी एकच. त्याचे नाव सुरक्षितता.

अमेरिकेत १९७३ साली पुनर्वसन कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही कामात अपंगांशी भेदभाव करता येणार नाही, असे त्याच्या ५०४ व्या कलमात म्हटले होते. पण त्याचे नियम सरकार चार वर्षे काढीना. तेव्हा ५ एप्रिल १९७७ रोजी शंभरावर अपंग स्त्री-पुरुष सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शिरले आणि नियमांवर सही होईपर्यंत तिथून हलले नाहीत. हे ठाण जवळजवळ चार आठवडे चालले. ह्यूमन तिथे पुढारी होत्या. कुणाला श्वासासाठी यंत्र लागे, कुणाला कुशीवर वळवायलाही माणूस लागे. या लोकांना रोज गरम जेवण कुणी पोचवले? ब्लॅक पँथर पक्षाने. ठाण मांडणाऱ्यांत ब्रॅड लोमॅक्स हा स्वतः चाकाच्या खुर्चीवरचा पँथर होता.

हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती याच पक्षाचे नाव घेऊन. त्यांची मूठ आपण घेतली, त्यांचा आवेश घेतला. त्यांनी अपंगांच्या लढ्याला पोचवलेले ताट मात्र आपल्या भाषणांत फारसे आले नाही.

तरीही विमानाचे दार उघडले नाही. विमानतळांना सरकारी पैसा मिळतो आणि त्याच विमानतळांवर कंपन्यांचा धंदा चालतो, तेव्हा ५०४ वे कलम कंपन्यांनाही लागू व्हावे, असे अपंग माजी सैनिकांच्या संघटनेचे म्हणणे होते. जून १९८६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. पैसा विमानतळ घेतो, कंपनी घेत नाही, असा बहुमताचा निवाडा होता. तीन न्यायमूर्तींनी विरोधी मत दिले. ते लिहिले थरगूड मार्शल यांनी. शाळांतील वर्णभेदाविरुद्ध १९५४ सालचा खटला जिंकणारे काळे वकील ते हेच. या निकालाने जो संताप उसळला त्यातून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विमान कंपन्यांना बांधणारा स्वतंत्र कायदा झाला. त्याचे नियम यायला १९९० साल उजाडले.

दुप्पट भाड्याची कथा इतरत्रही चालूच होती. लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर एका अपंग प्रवाशाकडून चाकाच्या खुर्चीचे १८ पौंड घेतले गेले. तो कोर्टात गेला. २००४ साली कंपनी आणि विमानतळ दोघेही दोषी ठरले. युरोपीय संघाने २००६ साली नियम करून अशा मदतीचा आकार प्रवाशावर लादायला बंदी केली. कॅनडात २००८ साली असा निर्णय झाला की, अपंगत्वामुळे ज्याला सोबती किंवा जादा आसन लागते, त्याच्याकडून देशांतर्गत प्रवासात एकच भाडे घ्यावे. मसूरच्या गाडीवानाचा हिशेब मोडायला जगाला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने रेल्वे, बस, जहाजे आणि विमाने अपंगांना सोयीची करावीत असे सांगितले. पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी पळवाटही ठेवली. २००८ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांसाठी नियम काढले. ते कागदावर असतानाच १९ फेब्रुवारी २०१२ ला कोलकात्यात जिजा घोष यांच्याबाबतीत काय झाले ते पाहा. मेंदूच्या पक्षाघातासह जगणाऱ्या आणि अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या या बाई गोव्यातल्या परिषदेला निघाल्या होत्या. त्या आपल्या आसनावर बसल्या होत्या. वैमानिकाच्या हुकमावरून त्यांना उतरवण्यात आले. डॉक्टरला कुणी विचारले नाही. गोव्याची ती परिषद भरवणाऱ्या मुंबईच्या ‘अडॅप्ट’ संस्थेसह त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १२ मे २०१६ ला निकाल लागला. त्यांना १० लाख रुपये भरपाई मिळाली आणि हा प्रश्न दयेचा नसून हक्काचा आणि प्रतिष्ठेचा आहे, हे न्यायालयाने मान्य केले. तरी मे २०२२ मध्ये रांचीला एका विशेष गरजा असलेल्या मुलाला विमानात घेतले गेले नाही. कंपनीला ५ लाखांचा दंड झाला. त्यानंतर नियम बदलला. प्रवाशाला अपंगत्वामुळे नाकारता येणार नाही, आणि प्रकृतीची शंका असेल तर आधी डॉक्टरने तपासले पाहिजे, असे त्यात आले.

सुरक्षिततेचा प्रश्न मुळातच खोटा आहे, असे मी म्हणत नाही. विमानाला आग लागू शकते. म्हणूनच नव्या प्रवासी विमानाची चाचणी घेतात, आणि अर्ध्या दारांतून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत असा दंडक आहे. पण अमेरिकेच्या नियमात या चाचणीसाठी माणसे कशी असावीत, तर प्रकृतीने धडधाकट! म्हणजे माणसांची मोजणी करताना अपंगाला आधीच वगळायचे, आणि मग दारात अडवून सांगायचे की, तू मोजणीत बसत नाहीस. विटाळाचे शास्त्र असेच होते. गावाची रचना आम्हाला बाहेर ठेवून केली, आणि बाहेर आहात म्हणून अस्पृश्य ठरवले. जात आणि अपंगत्व एकच, असे मला म्हणायचे नाही. जात जन्मावर लादलेली उतरंड आहे. अपंगत्व उद्या कुणाच्याही वाट्याला येते. पण नाकारण्याची रीत एक आहे. विटाळाला पुरावा मागता येत नसे. वैमानिकाच्या ‘सुरक्षितते’लाही तो मागता येत नव्हता. लढा झाला तो पुरावा मागण्यासाठी.

आणि लढा संपलेला नाही. एकाच वाटेच्या मोठ्या विमानांत चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला वापरता येईल असा संडास असावा, हा नियम अमेरिकेने २०२३ साली केला; तोही बारा वर्षांच्या मुदतीने. आपल्याकडची देशांतर्गत विमाने बहुतांशी याच जातीची. म्हणजे अण्णांसारख्यांनी अजून कित्येक वर्षे तहानेलेच उडायचे.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. त्यांचे एकूण लोकसंख्येशी प्रमाण २.२१ टक्के; अनुसूचित जातींत मात्र २.४५. हे आकडे पाहताना मला अण्णांची कंबर आठवते. गटारात उतरणारे, खाणीत राबणारे, पोती वाहणारे शरीर लवकर मोडते. आणि मोडले की त्याला ‘दिव्यांग’ म्हणायचे. वरून दिलेली गोड नावे काय करतात, हे ‘हरिजन’ शब्दाने आपल्याला पुरेसे शिकवले आहे. अनेक अपंग कार्यकर्त्यांनीही हे नाव नाकारले. ते बरोबर केले.

प्रश्न आपल्यालाही विचारला पाहिजे. आमच्या महाविद्यालयातले जयंतीचे व्यासपीठ चार फूट उंच असते आणि त्याला पायऱ्या असतात. कुबड्या घेऊन येणारी माझी एक विद्यार्थिनी दर वर्षी खालीच बसते. यंदा मी उताराची फळी लावायला सांगितली, तर एक सहकारी म्हणाले, ‘एकीसाठी एवढा खर्च?’ तेव्हा मला विमान कंपनीचा तो कागद आठवला. फळी लागली. मुलगी वर आली, बोलली.

परतीच्या विमानात अण्णा खिडकीशी बसले होते. पुढच्या वेळी यायचे का, असे मी विचारले. ते म्हणाले, ‘येऊ. पण पाणी पिऊन येऊ.’