कामावरून जात, की जातीवरून काम?

कुत्रा विकत घ्यायचं म्हटलं की एक तक्ता हमखास समोर येतो. ग्रेहाउंड शर्यतीसाठी, बॉर्डर कॉली मेंढ्या वळायला, लॅब्राडॉर वास काढायला. तक्ता सोयीचा आहे, पण संशोधक म्हणून आपण आधी विचारायला हवं : यातली 'जात' ठरवली कोणी, आणि कशासाठी?

पूर्वी नाव कामावरून पडायचं. सावज कुठे आहे ते रोखून दाखवणारा तो पॉइंटर. पुढे १८५९ मध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं, १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला. मग वंशावळ आणि रूप यांना महत्त्व आलं. म्हणजे आजच्या तक्त्यात नाव नोंदवहीतलं असतं आणि काम त्याच्याही आधीच्या काळातलं. ही सरमिसळ लक्षात ठेवा.

आपल्याकडचं उदाहरण कारवानीचं. लांब पाय, खोल छाती, अरुंद डोकं. उघड्या माळावर नजरेने सावज हेरून पाठलाग करणारा कुत्रा. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात त्याला राजाश्रय मिळाला आणि 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचं काम सरत गेलं, जात मात्र उरली. २००५ मध्ये ती टपाल तिकिटावर आली. २०१६ मध्ये लष्कराने मेरठच्या केंद्रात या कुत्र्यांना प्रशिक्षण सुरू केलं. जात तीच, काम नवं.

मग जातीवरून स्वभाव कळतो का? २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये १८ हजारांहून जास्त कुत्र्यांवरचा अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वर्तनातल्या फरकांपैकी साधारण ९ टक्केच फरक जातीवरून समजतो, असं त्यात दिसलं. पण थांबा, लगेच 'जात निरर्थक' असं लिहू नका. ती माहिती मालकांनी भरलेल्या प्रश्नावलीतून आली होती, आणि ते कुत्रे बहुतेक घरात पाळलेले. धावण्याचा वेग हा वेगळा प्रश्न, तो शरीराच्या ठेवणीशी जोडलेला. २००७ मध्ये व्हिपेट कुत्र्यांत मायोस्टॅटिन जनुकाचा एक बदल सापडला. त्याची एक प्रत असलेले कुत्रे शर्यतीत सरस, दोन प्रती असलेले नुसतेच अति पिळदार. एकाच जातीत इतका फरक!

म्हणून सिनॉप्सिसमध्ये 'जात' हा घटक लिहिण्याआधी तीन गोष्टी लिहून काढा : ती कोणी ठरवली, केव्हा ठरवली, आणि आपण मोजतोय ते शरीर, स्वभाव की प्रशिक्षण. हे न करता तक्ता वापरला की किंमत जनावर मोजतं. गोंदियात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि बर्फात गाडी ओढणारा हस्की इथे 'व्यायामाला उत्तम' म्हणून आणला जातो.

इकडे धानाच्या बांध्यांवर रात्रभर राखण करणारा गावठी कुत्रा मात्र कुठल्याच तक्त्यात नाही. त्याचं काम नोंदवायला सुरुवात करायची, तर तोही विषय होऊ शकतो.